घोडीचं वजन

पुरुषोत्तम टेंबे या गृहस्थाने आयर्लंडमधल्या डंडॉक गावाबाहेर, घरामागच्या शेडमध्ये, सात वर्षं खपून एक विमान बांधलं. हे नव्या माणसाला सांगितलं की तो हमखास विचारायचा, "म्हणजे मॉडेल का?" मॉडेल नव्हे. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, पुढे खरं इंजिन, मागे शेपटाखाली एक चिमुकलं चाक आणि आत शेजारीशेजारी दोन खुर्च्या. बसून उडायचं विमान.

आयर्लंडमधली बाकीची मराठी मंडळी आली, नोकरीला लागली, घर घेतलं, घराला मागे एक खोली वाढवली आणि थकली. पुरुषोत्तमने खोली वाढवली नाही. तो एका ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होता, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्याचा त्याला पगार मिळायचा. हा गुण त्याने घरीदारी फुकट वापरला. टॅला गावातल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरतीच्या कागदावर तीन ऱ्हस्व-दीर्घ चुकलेत हे त्याने आरती चालू असताना सांगितलं होतं. जेवताना शेजारी बसला तर मोदकाचा पहिला घास तोंडात असेपर्यंत तुम्हाला पंखाच्या फासळ्यांना गोंद कसा लावतात ते कळायचं, आणि दुसऱ्या मोदकापर्यंत तो गोंद वाळायचा.

पण विमान बांधणं हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग कागदांचा. घरी बांधलेल्या विमानाला उडण्याचा परवाना हवा असेल तर प्रत्येक टप्प्याची नोंद लागते, प्रत्येक टप्प्याचा फोटो लागतो, आणि कापडाने झाकून टाकण्याआधी आतलं प्रत्येक लाकूड पाहून गेल्याची इन्स्पेक्टरची सही लागते. पुरुषोत्तम म्हणायचा, विमानाला लाकूड लागतं त्याहून जास्त कागद लागतो. कागदाचं वजन धरत नाहीत हे नशीब.

कारण वजन हाच सगळ्या कागदांचा राजा. ज्या डिझायनरच्या नकाशांवरून हे विमान बांधलं, त्याने सांगून ठेवलं होतं की माणसं, पेट्रोल, सगळं धरून चारशे ऐंशी किलोच्या वर एक ग्रॅम नको. फॉर्मवर दोन माणसं धरायची, प्रत्येकी शहाऐंशी किलोची. एक तासाचं पेट्रोल, चौदा किलो. उरले दोनशे चौऱ्याण्णव. रिकामं विमान तेवढ्यात बसलं तर दोन खुर्च्यांचं. नाही बसलं तर एक खुर्ची काढायची.

त्यातली उजवीकडची खुर्ची अलकनंदाची.

अलकनंदा ही पुरुषोत्तमची बायको, औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट. विमानाची कल्पना त्याने पहिल्यांदा मांडली तेव्हा ती चपात्या लाटत होती. लाटणं न थांबवता ती म्हणाली, "एकट्याने उडायचं असेल तर पतंग घ्या. मी शेजारी बसणार असेन तर बांधा."

"तुला तर शिडीवर चढलीस तरी गरगरतं."

"म्हणूनच. माझ्यासमोर बांधा. मी बघते किती भक्कम होतंय ते."

आणि तिने पाहिलं. फॉर्मवरचा शहाऐंशीचा आकडा वाचून ती पहिल्या दिवशी भडकली होती. "मी बावन्न किलो आहे. हे वरचे चौतीस किलो कुणाचे?"

"सरकारी आहेत ते," पुरुषोत्तम म्हणाला.

"मग सरकारला बसवा शेजारी."

पण तेव्हापासून ते चौतीस किलो कुठूनतरी भरून काढायचे, असा तिने वसा घेतला. विमानात जाणारा प्रत्येक तुकडा ती काट्यावर ठेवायची. ज्याला भोक पाडता येईल त्याला तिने भोक पाडायला लावलं. एक मूठ नको इतकी गुबगुबीत झालीय म्हणून तिने ती पुन्हा तासायला लावली. तोललेल्या प्रत्येक वस्तूवर पांढरी चिठ्ठी चिकटवायची, वर मराठीत नाव, खाली मराठीत आकडा. दुकानात दिवसभर इंग्रजी आकडे लिहायचे, घरी आल्यावर मराठी. हा तिचा शिरस्ता. "तिकडचा आकडा चुकला तर माणूस मरतो," ती म्हणायची. "घरचा आकडा वेगळा लिहिला की मला कळतं, आता ड्यूटी संपली."

विमानाचं शेवटचं वजन त्यांनी २०२० च्या डिसेंबरात केलं, नाताळच्या दुसऱ्या दिवशी. बाहेर गोठलेलं गवत आणि आत दोघंच, कारण लॉकडाऊन होता. त्यांचा इन्स्पेक्टर फर्गल येऊ शकत नव्हता. फर्गल म्हणजे बसगाड्यांचा निवृत्त मेकॅनिक, वय एकाहत्तर, हौशी विमानवाल्यांच्या मंडळातर्फे विनामोबदला विमानं तपासायचा. विनामोबदला म्हणजे पैसे नाहीत, पण चहा, फराळ आणि अलकनंदाचं लसणीचं तिखट यांवर त्याचा पूर्ण हक्क होता. तो फोनवर म्हणाला, "काट्यांचे फोटो पाठवा. बेरीज-वजाबाकी मी करतो. ग्रँड." ग्रँड म्हणजे त्याच्या बोलीत 'सगळं ठीक'.

तीन चाकांखाली तीन काटे ठेवले. विमान जमिनीला समांतर यावं म्हणून शेपूट वर उचलून लाकडी घोडीवर ठेवावं लागतं, आणि ती घोडी काट्यावर. म्हणजे शेपटाच्या आकड्यातून घोडीचं वजन वजा करायचं. घोडी अलकनंदाने आधीच वेगळी तोलून चिठ्ठी लावली होती. डावं चाक, उजवं चाक, शेपूट, आणि घोडीवरची चिठ्ठी: चार फोटो गेले. पुरुषोत्तम तिथल्या तिथे कागद घेऊन बसायला लागला तेव्हा ती म्हणाली, "उद्या करू हो बेरीज. आजही सण आहे त्यांचा."

तो उद्या आला तो ताप घेऊन. आठवड्याने अलकनंदासाठी रुग्णवाहिका आली. त्या जानेवारीत कोविडने या देशात काय चालवलं होतं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पुरुषोत्तमला तिचा शेवटचा निरोप एका नर्सने धरलेल्या फोनवर घ्यावा लागला. स्मशानात दहा माणसांची परवानगी होती. दहा जमलीही नाहीत, कारण ओळखीतले अर्धे स्वतःच आजारी होते. मुलगी इरावती गॉलवेहून आली, महिनाभर राहिली, आणि कॉलेजच्या परीक्षा आल्या तशी रडत परत गेली.

फेब्रुवारीत पोस्टातून दोन गोष्टी आल्या. फर्गलचं सांत्वनाचं कार्ड आणि वजनाचा फॉर्म. रिकामं वजन दोनशे ब्याण्णव पूर्णांक आठ. मर्यादेत, वर सव्वा किलोची ऐसपैस जागा. दोन खुर्च्या. खाली फर्गलची सही होतीच. आरती चालू असताना ऱ्हस्व-दीर्घ काढणाऱ्या माणसाने एकही ओळ न वाचता सही केली आणि पाकीट परत टाकलं.

मार्चपासून शेडमध्ये गोष्टी सुरू झाल्या.

आधी पट्टे. उजव्या खुर्चीचे पट्टे पुरुषोत्तम सोडून ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गेला की ते लावलेले असायचे, बक्कल मधोमध, कुणी आत बसल्यासारखे ताणून. अलकनंदाची ती सवय होती, मोकळे पट्टे लाकडावर आपटतात म्हणून. पुरुषोत्तमने टेस्टरच्या पद्धतीने तारीख-वेळ टाकून नोंदी केल्या. अकरा दिवसांत चार वेळा. फोनवर इरावतीला हे सांगताना तो शास्त्रीय होता. "माझाच हात सवयीने लावत असणार. मला आठवत नसणार, एवढंच." आणि लगेच पुढे, "पण मी एवढे घट्ट नाही लावत."

मग काटा. कोपऱ्यातला तिचा छोटा काटा, ज्यावर सात वर्षं स्क्रू तोलले, तो मधूनच उजळायचा आणि शून्य दाखवून विझायचा. थंडीने तसं होतं असं कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलं आहे. पुरुषोत्तमने ते पान फाडून काट्याशेजारी भिंतीला लावलं, स्वतःला वाचता यावं म्हणून.

आणि मग 'अहो'. ते मात्र माहितीपत्रकात नव्हतं. तो शेडमध्ये मोठ्याने वाचायचा. जुनी सवय, तो आकडा म्हणायचा, ती पुन्हा म्हणायची, म्हणजे चूक नको. दोनशे ब्याण्णव पूर्णांक आठ असं म्हटलं की मागून तिचा नेहमीचा 'अहो' यायचा. रागाचा नाही. दुकानात डॉक्टरची चिठ्ठी वाचताना कपाळाला आठी घालून ती जसं म्हणायची तसा. बाकी कुठलाही आकडा म्हटला तर काही नाही. त्याने करून पाहिलं. पंखाची लांबी म्हटली, शांतता. इंजिनाचा नंबर म्हटला, शांतता. दोनशे ब्याण्णव पूर्णांक आठ: 'अहो'.

मे महिन्यात बंधनं सैल झाली. विमान ट्रेलरवर चढवून धावपट्टीवर न्यायचं ठरलं, म्हणून एका दुपारी तो शेड मोकळी करायला लागला. रंगाचा डबा एका हातात होता, दुसऱ्या हाताने त्याने घोडी उचलली. उचलली आणि थांबला. घोडी सहज उचलली गेली होती.

फर्गलच्या फॉर्मवर घोडी आठ पूर्णांक दोन किलोची होती, हे त्याला तेव्हा पाठ झालं होतं. आठ किलो एका हातात असे येत नाहीत. त्याने ती उलटी केली. चिठ्ठीवर अलकनंदाच्या अक्षरात लिहिलं होतं: घोडी, ४.२.

तिचा चार. घाईत लिहिला की त्याच्या वरच्या दोन टोकांची तोंडं मिटायची आणि तो हुबेहूब इंग्रजी आठासारखा दिसायचा. फर्गलला 'घोडी' वाचता येणं शक्य नव्हतं, पण आकडा त्याने आनंदाने वाचला होता. आठ पूर्णांक दोन. वजा केले चार किलो जास्त. विमान कागदावर चार किलोंनी हलकं झालं. खरं वजन दोनशे शहाण्णव पूर्णांक आठ. मर्यादेच्या वर दोन किलो आठशे ग्रॅम.

आणि तिथे, घोडी हातात उलटी धरून, पुरुषोत्तमला हसू फुटलं. शेजारची नोरीन कोंबड्या पाळायची. अलकनंदा दर शनिवारी तिच्या दारात चिठ्ठी ठेवायची: 'एग्ज' हा शब्द इंग्रजीत आणि पुढे घरचा आकडा, ४. नोरीन सहा वर्षं इमानेइतबारे आठ अंडी देत होती, आणि टेंबे कुटुंब आयरिश माणसाच्या मोठ्या मनाचं कौतुक करत जास्तीच्या चार अंड्यांची भुर्जी खात होतं.

हसू ओसरलं तेव्हा उजवीकडची खुर्ची समोर होती. पट्टे लावलेले.

ही गोष्ट जगात फक्त त्याला माहीत होती. ती चिठ्ठी वाचू शकणारी व्यक्ती डंडॉक परिसरात दुसरी नव्हती. फर्गलची सही झाली होती, कागद मंजूर होता, पुन्हा तोलायचं नव्हतं. गप्प राहिला तर खुर्ची राहणार. बोलला तर ती जाणार, कारण आणखी तीन किलो काढायला त्या विमानात काही उरलंच नव्हतं. जे होतं ते अलकनंदाने आधीच काढलं होतं. तरी तो दोन दिवस शोधत राहिला. चटई काढली, चाकांवरची झाकणं काढली. किलोभराहून थोडं जास्त निघालं. आता काढायचं तर पंख.

तिसऱ्या दिवशी त्याने इरावतीला व्हिडिओ कॉल केला आणि चिठ्ठी कॅमेऱ्यापुढे धरली. "हा आकडा काय आहे?"

"एट पॉइंट टू," इरावती म्हणाली. तिला मराठी पुरेपूर समजतं, पण उत्तरं निम्मी गॉलवेच्या इंग्रजीत येतात.

"नीट बघ. आईचं अक्षर आहे."

इरावतीने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, सोड ना. कोणाला कळणार? अँड शी वॉज ओन्ली फिफ्टी-टू. ती बसली असती तरी वजन कमीच भरलं असतं."

"ते खरं आहे."

"मग? इट्स ग्रँड. तिची सीट राहू दे."

"राहू दे म्हणतेस," पुरुषोत्तम म्हणाला, "पण मला शेडमध्ये जाता येत नाही गं. मी खोटा आकडा म्हणतो आणि ती ओरडते."

इरावती एकदम निव्वळ मराठीत बोलली. "काय म्हणते?"

"अहो म्हणते."

पडद्यावर इरावतीने तोंडावर हात धरला. ती हसत होती की काय करत होती ते त्याला नीट दिसलं नाही. शेवटी म्हणाली, "मग सांग फर्गलला."

फर्गलला फोन केला तेव्हा तो आधी समजलाच नाही. मग समजला.

"पुरू, हा आकडा तुझ्याशिवाय कुणाला वाचता येतो?"

"इथे? कुणालाच नाही."

"आणि तरी तू मला फोन करतोयस."

"मी नाही केला," पुरुषोत्तम म्हणाला. "मला करायला लावला."

पुढच्या आठवड्यात फर्गल तोंडावर मास्क आणि डिकीत काटे घेऊन आला. घोडी आधी तोलली: चार पूर्णांक दोन. काढलेली चटई आणि झाकणं परत बसवून सगळं पुन्हा तोललं. दोनशे शहाण्णव पूर्णांक आठ, डिसेंबरातल्या आकड्याशी ग्रॅमला ग्रॅम. "तुझी बायको बरोबर होती," फर्गल म्हणाला. "गाढव मी आहे." पुरुषोत्तम अभिमानाने लाल झाला, स्वतःचंच कौतुक झाल्यासारखा.

मग फॉर्म. फर्गलने पेन काढलं आणि चुळबुळ करत राहिला.

"उजवीकडच्या माणसाचं वजन शून्य धर," पुरुषोत्तम म्हणाला. "खरं तेवढंच आहे."

"शून्य धरता येत नाही, पुरू. खुर्ची आहे तर माणूस आहे. माणूस आहे तर शहाऐंशी."

"जिवंत होती तेव्हा बावन्न होती."

"माहीत आहे."

"तिला कळलं असतं ना, मेल्यावरही शहाऐंशी किलो लावतात म्हणून..."

"मला मारलं असतं तिने," फर्गल म्हणाला. "तिखट दिलं नसतं वर्षभर." आणि त्याने खाली बघत 'आसने' या रकान्यात एक लिहिला.

खुर्चीचे सहा स्क्रू होते. पाच पुरुषोत्तमने काढले. सहावा तो काढेना, तेव्हा फर्गलने त्याच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला. खुर्ची पट्ट्यांसकट शेडच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्यावर चादर घातली. उजवीकडे आता नुसता प्लायवूडचा सपाट तुकडा.

"एक लक्षात ठेव," जाताना फर्गल म्हणाला. "सगळं वजन आता डावीकडे. हवेत गेल्यावर विमान तुझ्या बाजूला झुकणार. विमान झुकवायची दांडी सतत जराशी उजवीकडे धरावी लागेल. सवय होते."

ऑगस्टमध्ये चाचणीची परवानगी आली. नियमाप्रमाणे पहिली उड्डाणं अनुभवी माणसाने करायची, म्हणून ती फर्गलने केली. पाच उड्डाणं, पाच अहवाल. प्रत्येक अहवालात 'आडवा समतोल' या रकान्यात एकच वाक्य: डावीकडे जड, दांडी उजवीकडे धरावी लागते. ठरल्याप्रमाणे, गणिताप्रमाणे. फर्गल खूश होता.

सप्टेंबरात एका रविवारी सकाळी पुरुषोत्तम पहिल्यांदा एकटा वर गेला. चाळीस मिनिटं उडाला. खाली उतरला, गवतावर बसला, अहवालाचं पान मांडीवर घेतलं, आणि 'आडवा समतोल' या रकान्यापाशी त्याचं पेन अडलं. चार किलोंसाठी स्वतःहून फोन करणारा माणूस. जे घडलं तेच त्याला लिहिणं भाग होतं. त्याने लिहिलं: समतोल. दांडी मध्यावर.

संध्याकाळी फर्गलचा फोन आला.

"वारा होता?"

"पान हलत नव्हतं."

"पेट्रोल एका बाजूला?"

"टाकी मध्येच आहे. तूच पाहिलीस."

"उजवीकडे काही ठेवलं होतंस? पिशवी, हत्यारं?"

"ठेवणार कशावर? स्क्रू तूच काढलेस."

"मग ते झुकायला हवं, पुरू."

"हवं," पुरुषोत्तम म्हणाला. "मीही वाट बघत होतो."

फर्गल हा बसगाड्यांचा मेकॅनिक. भुतांचा विषय त्याच्या कक्षेत येत नाही. त्याने अहवाल दोन आठवडे सहीशिवाय ठेवला. मग सही केली आणि त्या रकान्यासमोर बारीक अक्षरात लिहिलं: पुन्हा तपासावे.

ते वाक्य पुरुषोत्तमने फारच मनावर घेतलं आहे. हवा कोरडी असेल त्या रविवारी तो गाडी काढून धावपट्टीवर जातो, वर जातो, आणि तपासतो. आयर्लंडमध्ये कोरडे रविवार किती असतात ते सर्वांना ठाऊक आहे. इरावतीने परवा विचारलं, अजून किती वेळा तपासणार? तो म्हणाला, निष्कर्ष यायचा आहे. त्याच्या बोलण्यात कसलीही घाई नव्हती.